कामाचा वास

त्यांनी टाळ्या वाजवल्या. अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

मी फर्निचरला पॉलिश करतो. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा त्यात भिजवायचा आणि लाकडात आपलं तोंड दिसेपर्यंत हात फिरवत राहायचं. सगळा जन्म यात गेला. वास कातडीत मुरलाय. साबणाने घासा, राखेने घासा, जात नाही. आणि लोकांच्या नाकाला स्पिरिट काय, दारू काय, सगळं सारखंच.

दारू सोडल्यावर थोरल्या बहिणीने घरात घेतलं. तिचं इस्त्रीचं दुकान आहे आणि जीभ इस्त्रीपेक्षा गरम. तिने सांगून ठेवलं होतं, "एकट्याने सुटत नाही ही. सोडलेल्यांचा एखादा गट बघ, रोज संध्याकाळी तिथे बस. नाहीतर वळकटी उचल आणि चालता हो."

खरं तर मलाच तिच्या धमकीपेक्षा संध्याकाळची भीती जास्त होती. काम संपतं, कारखान्यात मी एकटा आणि समोर स्पिरिटचा कॅन. आमच्या धंद्यात तेही पिणारे असतात. एक जण आंधळा झाला, एक गेलाच.

पहिला गट एका शाळेच्या हॉलमध्ये भरायचा. दारात इस्त्रीच्या शर्टातले एक साहेब उभे होते. मी जवळ गेलो तसं त्यांनी नाक मुरडलं आणि मग साखर पेरली. "काका, आज घरी जा हं. शुद्धीत असाल तेव्हा या."

"मी शुद्धीतच आहे. पॉलिशवाला आहे मी."

"हो, हो. सगळे असंच काहीतरी सांगतात." पाठीवर हात ठेवून मला पायऱ्या उतरवून दिल्या. चालता येत नसल्यासारखं.

दुसरा गट एका दुकानाच्या माडीवर. तिथे कुणी हटकलं नाही. शेजारच्याने फक्त खुर्ची सरकवली. मग पलीकडच्यानेही सरकवली. खिडकी उघडली गेली. मी बोलायला उभा राहिलो आणि तोंड उघडायच्या आत एक बाई गहिवरून म्हणाल्या, "घेऊन आलात, पण आलात! याला हिंमत लागते." आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. न प्यायलेल्या दारूबद्दल माझा सत्कार! जिना उतरताना मी मोठ्याने शिव्या घालत होतो. म्हणजे त्यांची खात्रीच पटली असणार.

तिथून तडक कारखान्यात आलो. कॅनचं झाकण माझ्या हातात होतं. मनात एकच, बदनामी तर झालीच आहे, मग चव का सोडायची? तेवढ्यात बहीण शोधत आली. झाकण बघितलं, माझं तोंड बघितलं. ओरडली नाही. म्हणाली, "माझ्याकडे कपडे टाकतात ना, त्या नर्सबाई एक गट चालवतात. सायकलच्या दुकानामागे. चल."

"पुन्हा वास घेतील."

"घेऊ देत. नाक आहे, घेणारच."

नर्सबाई माझ्याच वयाच्या, आवाज कंडक्टरचा. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "प्यायलात?"

"नाही."

"मग हा कसला वास?"

"पॉलिशचा."

"हात बघू." नखांतली तपकिरी लाख त्यांनी नीट पाहिली. "आता तोंड उघडा. श्वास सोडा."

"मी काय बाजारातला बैल आहे?" मी ओरडलो.

"बैल असता तर दातही मोजले असते. सोडा श्वास."

सोडला. त्यांच्या तोंडावर जाईल असा सोडला. त्यांनी मान वळवून सगळ्यांना सांगितलं, "प्यायलेले नाहीत. वास कामाचा आहे."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी सरळ विचारलं होतं आणि उत्तर तपासून घेतलं होतं. मी बसणार, तोच कोपऱ्यातला एक ट्रकवाला उठला. "कामाचा असेल हो बाई. पण माझ्या तोंडाला पाणी सुटलंय. हे बसणार असतील तर मी निघतो. सरळ गुत्त्यावरच जाईन, खोटं कशाला बोलू?"

त्याने नाकावर हात दाबला. माझ्या अपमानाच्या नादात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, की हा वास कुणाला ओढूही शकतो. रागावायचं तरी कुणावर? मी दाराकडे वळलो.

"कुणी हलायचं नाही," नर्सबाई म्हणाल्या. "पॉलिशवाले, शर्ट काढा, बाहेर खिळ्याला अडकवा. हात त्या चेन धुवायच्या रॉकेलने पुसा. आणि हे चढवा." सायकलवाल्याचा तेलकट, काळा डगला त्यांनी माझ्या अंगावर फेकला.

मी तो घालून दाराशी बसलो. ट्रकवाल्याने दुरूनच हुंगलं. "आता जुन्या चेनसारखा वास येतोय. चालेल."

"बोला," नर्सबाई म्हणाल्या.

"काय बोलू? डोकं फिरलंय माझं."

"मग तेच बोला."

बोललो. साहेब, खुर्च्या, टाळ्या, कॅनचं झाकण, सगळं ओकलो. टाळ्यांचं ऐकून ट्रकवाला एवढा हसला, की त्याला ठसका लागला. बाकीचेही हसले. कुणी टाळी वाजवली नाही.

घरी बहिणीने दारातच हुंगलं. "शी! कुठे लोळलास?"

"गटात."

"उद्या?"

"उद्याही लोळणार."

दुसऱ्या दिवशी कुणी न सांगताच मी शर्ट खिळ्याला अडकवला. ट्रकवाला नाकाला रुमाल लावून बसला होता. माझ्याकडे रागाने बघत होता, पण उठला नाही. मीही त्याच्याकडे तसंच बघितलं आणि बसलो.