सरावाच्या वहीतली सही

“इथं काय लिहू, ताई?” मुलीच्या आईनं विचारलं, तेव्हा कॉलेजच्या क्रीडा विभागातल्या कारकूनबाई विम्याच्या अर्जावरच्या त्याच ओळी तिसऱ्यांदा वाचत होत्या. शस्त्रक्रियेचा सगळा खर्च. वर्षभराचे उपचार. खेळ सुटला तरी शिक्षण संपेपर्यंत शिष्यवृत्ती चालू.

जखमी खेळाडूंसाठी हा विमा कॉलेजनं गेल्या वर्षीच काढला होता. बाई बावीस वर्षांपूर्वी याच कॉलेजकडून उंच उडी मारायच्या. गुडघा गेला तेव्हा प्राचार्य फुलं घेऊन भेटायला आले आणि पुढच्या सत्रात शिष्यवृत्ती बंद झाली. दुसरी शस्त्रक्रिया वडिलांना झेपली नाही. पाय ताठ राहिला तो राहिलाच. पुढे कुणाच्या तरी दयेनं ही नोकरी लागली.

समोर कुबड्या घेऊन बसलेली मुलगी व्हॉलीबॉल खेळायची. तिचाही उजवाच गुडघा. हिच्याच वेळी बरं सगळ्यांना शहाणपण सुचलं, असं बाईंच्या मनात आलं आणि त्यांचा जीव जळफळला.

मायलेकी गेल्यावर त्यांनी सरावाची वही उघडली. अपघाताच्या दिवशी प्रशिक्षक सही करायला विसरले होते. सही नाही म्हणजे सराव कॉलेजचा नाही, आणि मग विमाही नाही. अर्ज फेटाळला जायला बाईंना वेगळं काहीच करावं लागणार नव्हतं. त्या पानाची प्रत अर्जाला जोडली की झालं. कुणी त्यांच्याकडे बोट दाखवलं नसतं.

त्यांनी प्रत जोडली, लखोटा चिकटवला. मग डबा उघडला आणि तसाच बंद केला. त्या दिवशी सराव चालू असताना प्रशिक्षकांना त्यांनी स्वतः खिडकीतून पाहिलं होतं.

लखोटा फाडून, वही काखेत मारून त्या पाय ओढत मैदानावर गेल्या. बावीस वर्षांत तिकडे फिरकल्या नव्हत्या. प्रशिक्षकांनी चूक कबूल केली, आजची तारीख घालून तसं लिहून दिलं, सही केली.

“शिपायाला पाठवायचं की, बाई. एवढं चालत कशाला आलात?”

“शिपाई येईपर्यंत माझं मन बदललं असतं,” बाई म्हणाल्या. प्रशिक्षकांना काही कळलं नाही.

विमा मंजूर झाला. पाच महिन्यांनी मुलगी कुबड्यांशिवाय ऑफिसात आली. गुडघा पूर्ण वाकतो, असं सांगत तिथंच फरशीवर उकिडवी बसून तिनं दाखवलं.

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“पुन्हा एकदा बस बघू.”

मुलगी हसली आणि पुन्हा बसली. बाईंची नजर तिच्या गुडघ्यावरून हलली नाही.