मला सहा नंबर हवाय

आमच्याकडे कुणी काही मागत नाही. समोर जिलबी आली की आधी नको म्हणायचं, मग 'अहो, खरंच नको' म्हणायचं आणि तिसऱ्यांदा ताट पुढे करायचं. पुण्यात हे सगळ्यांना कळतं. न्यूझीलंडमध्ये एकदा नको म्हटलं की लोक 'स्वीट ॲज', म्हणजे 'बरं तर', म्हणतात आणि बशी उचलून घेऊन जातात. इथल्या पहिल्या वर्षी मी बऱ्याच घरांतून उपाशी परत आले.

ही २०१७ सालची गोष्ट. मी हॅमिल्टनला आयसीयूत नर्स होते आणि मला पुढे भूल देणारी नर्स व्हायचं होतं. न्यूझीलंडमध्ये हा प्रकारच नाही. इथे भूल डॉक्टर देतात, मदतीला टेक्निशियन असतो. अमेरिकेत मात्र नर्सेस त्याचं वेगळं शिक्षण घेतात आणि स्वतः भूल देतात. तिथली नर्सिंगची परीक्षा मी पास झाले होते. आता कॉलेजची एकच अट उरली होती. फार गंभीर पेशंट मी स्वतःच्या हिमतीवर सांभाळलेत, असं आयसीयूच्या वरिष्ठ नर्सने लिहून द्यायला हवं होतं. अर्जाची मुदत मे अखेरची होती.

सासूबाईंना हे फोनवर समजावलं तर म्हणाल्या, "लोकांना झोपवायला अमेरिकेपर्यंत कशाला जायचं? यतीन नुसता बोलायला लागला तरी माणसं झोपतात." यतीन म्हणजे माझा नवरा. तो वेलिंग्टनला सरकारी खात्यात आयटीत होता आणि महिन्यातून दोनदा हॅमिल्टनला यायचा. सासूबाईंचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

आता आमच्या आयसीयूची पद्धत सांगते. सकाळी ड्यूटी सुरू होताना शोना, म्हणजे आमची वरिष्ठ नर्स, सगळ्यांना गोळा करून विचारायची, "कुणाला कुठला बेड हवाय?" मग लॉरेन म्हणायची, मला चार. आणखी कुणी म्हणायचं, मला सात. माझ्याकडे नजर वळली की मी हसून म्हणायचे, "एनी इज फाइन." म्हणजे आपलं 'काहीही चालेल'. माझा समज असा की शोना पुन्हा विचारेल. ती कशाला विचारतेय! चांगले गंभीर पेशंट मागणाऱ्यांना जायचे आणि मला उरलेले मिळायचे. माझे पेशंट बसून टोस्ट खायचे. एकाने मला क्रिकेटवरून इतकं पिडलं की मीच गंभीर व्हायची वेळ आली. जवळजवळ वर्षभर माझं हे असं चाललं होतं.

एप्रिलमध्ये मी शोनाकडे त्या शिफारशीचं काढलं. ती खुर्चीत जरा मागे रेलली.

"मधु, तू गुणी आहेस, असं लिहू का? ते खरं आहे."

"पण गंभीर पेशंटचं?"

"तू कधी मागितलेच नाहीस. मला वाटलं, तुला झेपत नसतील."

संध्याकाळी यतीनला फोन केला.

"अगं, मग मागायचे ना!"

"मागायचे असतात हे कुणी सांगितलं मला? आणि तू रे? तीन वर्षांत साहेबाकडे पगारवाढ मागितलीस का?"

"त्यांच्या लक्षात यायला नको का?" तो म्हणाला. आमचं लग्न दोन्ही घरांनी फार विचार करून जमवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोनाने तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "मला सहा हवाय." मंडईत भाजीवाल्याशी भांडावं तसा आवाज लागला. सगळे वळून बघायला लागले. शोना म्हणाली, "गुड ऑन यू," आणि सहा नंबर माझा झाला. इतकं सोपं होतं. मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

सहा नंबरला हेमी होता. साठीचा, दुधाचा टँकर चालवणारा, आडवा थोराड माणूस. न्यूमोनियाचं इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. श्वासाला व्हेंटिलेटर, किडनीला मशीन आणि बीपी टिकवायला तीन औषधं तीन पंपांतून चाललेली. त्याची बायको माझ्या आईच्या वयाची. मी मिसेस अमुक म्हणायला गेले तर म्हणाली, "नायरी म्हण." बाहेर चांगली थंडी पडलेली असताना ती जँडल्स, म्हणजे साध्या रबरी चपला, घालून यायची आणि आम्हा सगळ्यांसाठी घरच्या झाडाचे फिजोआ आणायची. पेरूच्या जातीचं ते हिरवं फळ इथल्या शरद ऋतूत, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, अख्खं हॅमिल्टन एकमेकांच्या गळ्यात मारत असतं.

पहिल्याच दिवशी तिने माझा हात धरला. "शोना म्हणाली, तू त्याला मागून घेतलंस."

आता काय सांगणार? की बाई, तुझा नवरा इथे सगळ्यात जास्त आजारी आहे म्हणून मागितला, दुसरा कुणी असता तर तो मागितला असता? मी म्हटलं, "नो वरीज."

मग रोज सकाळी मी सहाच मागत राहिले. हेमीचं बीपी घसरायचं, मी पंप सांभाळायचे. मशीन कोकलायचं, मी कारण शोधून काढायचे. हळूहळू डॉक्टर मला विचारायला लागले की तुला काय वाटतं. मी खूश होते आणि त्या खुशीचं कारण नायरीला सांगण्यासारखं नव्हतं. ती नवऱ्याच्या कानाशी माओरीत काहीबाही बोलत बसायची, मधेच मला म्हणायची, "जेवलीस का?" मी सवयीने नको म्हणायचे. ही बाई मात्र दुसऱ्यांदा विचारायची, तिसऱ्यांदाही विचारायची.

मेच्या शेवटच्या आठवड्याच्या सुरुवातीला शोनाने मला बाजूला घेतलं. "असाच एक नवा पेशंट सुरुवातीपासून एकटीने सांभाळ. मग मी डोळे मिटून सही करते." नंतर ती महिनाभर रजेवर जाणार होती, म्हणजे जे काय व्हायचं ते याच आठवड्यात.

आणि मंगळवारी सकाळी तो पेशंट आला. दोन नंबरला, नुकताच ऑपरेशन थिएटरमधून आणलेला, सगळी मशीनं लावलेला. शोनाने आधी सहाचं सांगितलं. हेमीची तब्येत हाताबाहेर गेली होती. डॉक्टर आणि घरचे बोलले होते आणि आज उपचार थांबवायचे ठरलं होतं.

"सहाला आता वेदना होऊ न देणं, एवढंच काम आहे," शोना म्हणाली. "दोनला मात्र सगळंच आहे. दोन कुणाला हवाय?" आणि सरळ माझ्याकडे बघितलं. लॉरेनने मुद्दाम दुसरीकडे मान वळवली. दोन नंबर माझ्यासाठीच ठेवला होता, हे सगळ्यांना कळत होतं.

मी दोन म्हणणार होते, अगदी खरं सांगते. पण काचेपलीकडे नायरी येणाऱ्या नातेवाइकांसाठी खुर्च्या मांडत होती. बेडभोवती गच्च खुर्च्या लावल्या तिने, फक्त पंपांपाशी जागा सोडली. तिथे मी उभी राहायचे.

"मला सहा हवाय."

"मधु, सहा तुझ्या कॉलेजला चालणार नाही."

"माहितेय."

"वर्ष जाईल तुझं."

"माहितेय म्हटलं ना!" मी शोनावर चक्क मराठीत ओरडले. राग तिच्यावर नव्हता, पण समोर तीच होती. दोन नंबर लॉरेनला गेला.

घरचे जमले. प्रार्थना झाली, मग सगळे मिळून गायले, टँकरवाले मित्रसुद्धा. गाणं संपल्यावर नायरी माझ्याजवळ आली. इतके दिवस ती एकदाही घाबरलेली दिसली नव्हती.

"श्वासाची नळी काढताना त्याला काही जाणवेल का?"

"नाही. मी बघते."

डॉक्टरांनी लिहून दिलेलं मॉर्फिन आणि झोपेचं औषध मी आधीच सुरू केलं होतं. कुणी घाई करू नका, म्हणून डॉक्टरांनाही थांबवलं. हेमीचं कपाळ बघितलं, खांदे बघितले, श्वास मोजला. पापणीच्या केसांना हलकेच बोट लावलं, पापणी हलली नाही. तेव्हा कुठे मी मान डोलावली. नळी निघाली. मी तिन्ही पंप एकेक करून बंद केले. मधे एकदा त्याच्या भुवया जवळ येताहेत असं वाटलं, तेव्हा नायरीच्या लक्षात यायच्या आत मी औषध वाढवलं. भुवया पुन्हा सैल पडल्या. दुपारी, बायकोचा हात हातात असताना, हेमी गेला.

नायरी बराच वेळ त्याच्या कपाळावरून हात फिरवत होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "एकदासुद्धा त्रास झाला नाही गं त्याला. हे तू कुठे शिकलीस?"

"अजून ॲडमिशन मिळायचीय," मी म्हणाले, आणि मला रडूच फुटलं. मग खुर्चीवरून उठून तिनेच मला जवळ घेतलं.