वाळवीची राखण

परंड्यात घरोघरी दसरा काढणं चाललं होतं. घट बसायच्या आत गोधड्या, भांडी, भिंती सगळं धुऊन निघत होतं. एकट्या उमादेवीच्या घरात केरसुणीला बंदी होती.

वाळवीचं औषध मारून कंपनीनं पाच वर्षांची गॅरंटी दिली होती, आणि वर्षाच्या आतच वाळवी पुन्हा चौकटीवर चढली. फोन केला तर तिकडची पोरगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, हात लावू नका. भिंत धुतली की गॅरंटी बाद. आमचा माणूस येऊन बघेल."

माणूस काही येईना. वाळवी मात्र चौकटीवरनं देवघराच्या फळीवर गेली. धाकटी जाऊ ओला फडका घेऊन आली, तशी उमादेवी आडवी आली. "पुसू नको गं! पुरावा हाय त्यो." बोलली आणि तिची तिलाच लाज वाटली. जावयाची एवढी बडदास्त कधी ठेवली नव्हती.

घट बसायच्या सकाळी कंपनीचा माणूस एकदाचा उगवला. नाकाला रुमाल लावून त्यानं फळी बघितली, जळमटं बघितली, फोटो काढले.

"काकू, घर किती घाण ठेवलंय! अस्वच्छ घराला गॅरंटी लागू होत नाही."

उमादेवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मुडद्या, तुमीच म्हणला ना हात लावू नका!" मागं उभ्या जावेच्या हातातला ओला फडका हिसकावून ती फळीकडं धावली.

"तक्रार करायची असेल तर पुसू नका," तो शांतपणे म्हणाला. "वरचे साहेब येऊन बघतील."

उमादेवीनं फडका पिळला आणि दोरीवर वाळत घातला.