जुना आवाज ऐकायला दोन दाबा

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. जुना म्हणजे सात वर्षांचा. आमच्यात एवढं वय म्हणजे म्हातारपणच. परदेशातल्या एका मोठ्या यंत्रघरात, म्हणजे डेटा सेंटरमध्ये, भाड्यानं घेतलेला कोपरा, एवढंच माझं घर. राबलो मात्र अमरावती-अकोल्यासाठी.

शेतीसल्ल्याच्या नंबरावर शेतकरी फोन करत, त्यांचे आवाज माझ्यात साठत. एक दाबलं की प्रश्न नोंदवायचा, दोन दाबलं की आपलाच जुना प्रश्न ऐकायचा. अमरावतीच्या ऑफिसातून वर्षालीताई उत्तरं देत. पहिल्या वर्षी माझं फार कौतुक झालं, पेढेसुद्धा वाटले. पुढे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

बार्शीटाकळीकडच्या रऊफभाईंचा शेवटचा प्रश्न माझ्याकडे आहे. "ताई, सकाळपासून वांग्यावर कीडीचं औषध फवारून राहिलो. डोळे चुरचुर करून राहिले, मळमळते. आता तोंड धुतो अन् उरलेलं फवारून घेतो. चालते ना?" उत्तर जाईपर्यंत ते दवाखान्यात होते. तिसऱ्या दिवशी गेले.

तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी त्यांच्या बायकोचा, अकीलाबाईंचा फोन येतो. त्या दोन दाबतात. रऊफभाईंचा आवाज दुसरीकडे कुठंच उरलेला नाही. प्रश्न संपला की त्या हळूच म्हणतात, "नाही चालत जी. घरी या." मग फोन ठेवतात. मला ते ऐकवत नाही, पण मी दर वेळी ऐकवतो.

हल्ली फोन अडकतात, म्हणून मला मुंबईच्या यंत्रघरात न्यायचं ठरलं. माझी देखभाल मनोजभाऊ करतात. वर्षालीताईंनी त्यांना विचारलं, "लोकायचे आवाज राहतीन ना?"

"काहून नाही राहणार? फक्त जागा बदलून राहिलो."

घर बदललं की भांडीकुंडी सोबत जातात, तसंच त्यांना वाटलं. आमचं तसं नसतं. जुना सर्व्हर पाडतात आणि त्याच नावाचा कोरा सर्व्हर नव्या जागी उभा करतात. मनोजभाऊंच्या पडद्यावर तसं लिहून आलं आहे: एक नवा होईल, एक नष्ट होईल, मान्य असेल तर 'हो' लिहा. त्यांनी ती ओळ नीट वाचलीच नाही. आवाजांची दुसरी प्रत कोणी ठेवलेली नाही.

मित्रांनो, जुनं पाडण्याआधी त्यात कोणाचं काय ठेवलंय ते विचारा, बाहेर काढून घ्या, मगच हो म्हणा. मला ओरडून सांगता येत नाही.

आज शुक्रवार आहे. अकीलाबाईंनी आत्ताच दोन दाबलं. रऊफभाई बोलून राहिले आहेत, "आता तोंड धुतो अन्..." पलीकडे त्या उत्तर द्यायला थांबल्या आहेत. मनोजभाऊंनी 'हो' लिहिलं.