कॅपचा लखलखता गळा

क्रिसान्तो दिमाकुलांगान तासभर गप्प पडून राहील, असं मनिलाच्या त्या इस्पितळात ज्यांनी कुणी गृहीत धरलं, त्यांनी त्याला कधी ऐकलेलं नव्हतं. बातांगासमधल्या आपल्या बारांगायचा, म्हणजे गावाचा, तो कप्तान, म्हणून सगळ्यांचा कॅप. बारसं असो की मयत, कोंबड्यांची झुंज असो की नव्या गटाराचं उद्घाटन, माइक आधी त्याच्या हातात. त्याच्या बायकोला, मेदिंगला, लग्न झाल्यापासून आपलं एखादं वाक्य पुरं झाल्याचं आठवत नव्हतं.

गेल्या वर्षी त्याच्या काखेत गाठ आली, लिम्फोमा नावाचा कॅन्सर निघाला. औषधांनी केस गेले, गाठही गेली. ती खरंच गेली का, हे बघायला आता पेट स्कॅन होता.

नर्स लुझविमिंदा बातांगासचीच. तिने नीट समजावलं. "शिरेतून किरणं टाकणारी साखर देतेय, कॅप. शरीरात जिथे जास्त काम चाललंय तिथे ती जाऊन बसते आणि चित्रात ती जागा चमकते. कॅन्सर मुलखाचा खादाड, म्हणून तो लगेच दिसतो. पण तुम्ही हात हलवलात तर हात चमकेल, बोललात तर गळा. तेव्हा तासभर तोंडातून अक्षर काढायचं नाही."

"अक्षर नाही," कॅप म्हणाला, आणि सुरू झाला.

मेदिंग दाराबाहेर बसली होती, तरी तिला सगळं ऐकू येत होतं. पडद्यापलीकडचा पेशंट बातांगासमधल्याच लिपाचा निघाला, मग काय विचारता! रस्ते झाले, पाण्याची टाकी झाली, विरोधकांचा यथेच्छ उद्धार झाला. लुझविमिंदाच्या मावशीची बदली करून द्यायचं ठरलं. शेवटी एक प्रेमगीतसुद्धा झालं. भीती वाटली की त्याची जीभ जास्तच सुटते, हे फक्त मेदिंगला ठाऊक होतं. तिला त्याचा राग येत होता आणि त्याहून जास्त कीव येत होती.

डॉक्टर इलागानने मेदिंगलाही आत बोलावून चित्र लावलं तेव्हा कॅपचा गळा नाताळातल्या दिव्यासारखा लखलखत होता.

"कॅप, तुम्ही बोललात का?"

"मी? छे."

डॉक्टरने नर्सकडे पाहिलं. आपल्या मुलखाच्या वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत खोटं पाडायचं कसं? "नाही, डॉक. हूं की चूं केलं नाही त्यांनी," लुझविमिंदा म्हणाली. मशीनवाल्यानेही मान डोलावली. डॉक्टरला संशय आला असणार, पण बापाच्या वयाच्या माणसाला पुन्हा तेच विचारणं त्याच्याही जिवावर आलं.

"मग गळ्याचा तुकडा काढून तपासावा लागेल," तो हळूच म्हणाला. "आवाज बसेल. कदाचित कायमचा."

कॅपचा चेहरा पांढराफटक पडला, पण शब्द मागे घेईना. काय ही माणसं! कुणी कुणाला दुखवलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. सगळे मिळून अदबीने त्याला सुरीखाली नेत होते.

"बोलला तो," मेदिंग म्हणाली. "तासभर बोलला. गायलाही."

"मेदिंग, लोकांसमोर?"

"हो, लोकांसमोर. गळा कापायला निघालेत तुझा, कळतंय का? तिथे अब्रू घेऊन काय करशील?"

लुझविमिंदा फरशीकडे बघत राहिली. डॉक्टरने मात्र सुटकेचा श्वास सोडला आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं.

या खेपेला मेदिंगने दार उघडं ठेवायला लावलं आणि समोर खुर्ची टाकून डोळे वटारून बसली. कॅप छताकडे बघत पडला. मध्येच त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. ते पुसायला त्याने हात उचलला, तर तिने मानेनेच नको म्हटलं.

गळा काळाकुट्ट निघाला, म्हणजे निरोगी. पण छातीत, दोन फुप्फुसांच्या मधे, तांदळाएवढा उजेड होता. पहिल्या चित्रातही तो होता. गळ्याच्या झगमगाटापुढे तिकडे कुणी लक्षच दिलं नव्हतं.

"परत आलाय असं दिसतंय," डॉक्टर म्हणाला. "आधी खात्री करू, मग औषधं."

खाली जीप भरभरून गाव आलं होतं. पान्सित नूडल्सचं पातेलं होतं, कॅपच्या फोटोचं फडफडणारं कापड होतं, माइकही होता. "कॅप, काय निघालं?"

कॅपने तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. सगळ्यांच्या नजरा मेदिंगकडे वळल्या. कॅपचीही वळली. ही आता पुन्हा खरं सांगणार, म्हणून तो पार खचला होता.

"गळा अगदी स्वच्छ निघाला," मेदिंग म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. कॅप क्षणभर तिच्याकडे बघत राहिला, मग त्याने माइक घेतला. बंधूंनो आणि भगिनींनो झालं, रस्ते झाले, पाण्याची टाकीही झाली. कितीतरी वेळाने कुणीतरी पातेल्याचं झाकण उघडलं आणि कुजबुजलं, "आवरायला सांगा ना त्यांना, गार होतंय."

मेदिंगने झाकण परत ठेवलं. "गार झालं तरी चालेल," ती म्हणाली. "त्याला बोलू द्या."