वेशीवरचा डावखुरा व्हॉल्व्ह

मित्रांनो, मी एक जुना व्हॉल्व्ह आहे. तुमच्या घरातल्या नळाचा थोरला भाऊच समजा. जिथे शहर संपतं आणि उपनगर सुरू होतं, तिथे रस्त्याकडेला एक लोखंडी झाकण आहे. त्याखालच्या विटांच्या खड्ड्यात मी राहतो. शहराच्या तलावाचं पाणी माझ्या पोटातून उपनगरात जातं. म्हणजे जात होतं. आता एका बाजूने पाणी मला ढकलतं आहे, दुसरी बाजू कोरडी ठणठणीत आहे, आणि मी मधे नुसता थरथरत बसलो आहे. जिवाला स्वस्थता म्हणून नाही.

माझा जन्म फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात झाला. माझ्या दांड्यावर आटे पाडताना कारागिराचं लक्ष कुठे होतं कोण जाणे, त्याने ते उलटे पाडले. बाकीचे व्हॉल्व्ह डावीकडे फिरवले की उघडतात, मला डावीकडे फिरवलं की मी बंद होतो. मला भंगारात टाकणार होते. पण मुकादम म्हणाला, "डावखुरा आहे, पण लोखंड चोख आहे. जाऊ दे." त्याने माझ्या चाकावर उघडण्याची दिशा दाखवणारा लाल बाण रंगवला. त्या माणसाचे उपकार मी विसरलेलो नाही.

मला बसवलं त्या दिवशी शहराच्या आणि उपनगराच्या, दोन्ही पालिकांचे अध्यक्ष आले होते. दोघांनी हसत चाकाला हात घातला आणि विरुद्ध दिशांना जोर लावला. मी जागचा हललो नाही. फोटो मात्र छान आला.

पुढची वर्षं सुखाची गेली. शहराने पाणी सोडायला नेमलेला माणूस रोज सकाळी यायचा. त्याला सगळे चावीवाला म्हणत. बाण बघून चाक फिरवायचा, दांड्याला ग्रीस लावायचा, जुन्या बनियनने मला पुसायचा. मग उपनगरात त्याच्या ताईकडे चहाला जायचा. ताईची लाँड्री होती. शहरातल्या दवाखान्याच्या चादरी तिच्याकडे धुवायला येत. जाताना तो माझ्या झाकणावर पाय आपटून म्हणायचा, "चल रे, ताईला पाणी पोचलं." तेवढं कौतुक मला पुरे होतं.

मग भांडण लागलं. शहर म्हणालं, "तलाव आमचा, नळ आमचे, दुरुस्ती आमची. उपनगराच्या घरपट्टीतला वाटा मात्र आम्हाला मिळत नाही." उपनगर म्हणालं, "आमची माणसं दिवसभर तुमच्याकडे राबतात, तुमच्याच दुकानांत खर्च करतात. तो कर तुम्ही खाता, वर वाटा कसला मागता?" खरं सांगू? मला दोघांचंही थोडं थोडं पटत होतं. पण ग्रीस कोणी आणायचं, रंग कोणी द्यायचा, यावरही त्यांचं एकमत होईना. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, असं म्हणतात. इथे तिसरा मी होतो आणि माझ्या वाट्याला गंज आला. बाणाचा रंगही पोपडे धरून गळून गेला.

एक दिवस चावीवाल्याला शहराचा हुकूम आला, वाटा मिळेपर्यंत व्हॉल्व्ह अर्धा बंद करा. त्याने मान खाली घालून तो पाळला. ताई तडक खड्ड्यापाशी आली.

"तुझ्या हाताने बंद केलास?"

"वरून हुकूम आहे, ताई. नोकरी आहे माझी."

"आणि माझी लाँड्री? चादरी तुझ्या शहराच्याच आहेत ना? त्या काय थुंकीने धुऊ?"

त्या दिवसापासून त्याचा चहा बंद झाला.

उपनगरात घरोघरी बादल्या अर्ध्याच भरू लागल्या. शेवटी एका दुपारी माणसं लांब पाइप घेऊन आली. ताईही त्यांच्यात होती. माझं झाकण उचललं, चाकात पाइप अडकवला आणि जगाची रीत तशी डावीकडे जोर लावला. मी उघडत नव्हतो, मिटत होतो! पोटातला खळखळाट मंदावला. "गंजलाय, अजून जोर लावा," कोणीतरी म्हणालं.

तेवढ्यात चावीवाला धावत आला. "थांबा, तो उलटा आहे. उजवीकडे फिरवा."

"हा शहराचा माणूस," एकजण म्हणाला. "हा उलटंच सांगणार."

"ताई, तू तरी सांग यांना."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. "आधी बंद कोणी केला होता?" एवढंच ती म्हणाली आणि तिने स्वतः पाइपाला हात लावला.

मी पुरता मिटलो होतो, तरी ते रेटत राहिले. मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर! माझा दांडा पिळवटला आणि कडकन तुटला. उपनगरात थेंबही जाईना. शहराच्या दवाखान्यात मळक्या चादरींचे ढीग लागले.

आता माझ्याजवळ टँकर उभा राहतो. परवा ताई कॅन घेऊन रांगेत होती. चावीवाला तिथेच घोटाळत होता.

"तू खरं सांगत होतास," ती म्हणाली.

"हो."

"मग अजून जोरात ओरडायचं होतंस."

"ओरडलो, ताई. तुला ऐकायचंच नव्हतं."

कॅन भरला. त्याने तो घ्यायला हात पुढे केला. तिने दिला नाही, पण ती तिथून गेलीही नाही. माझं झाकण अजून उघडंच आहे, त्यामुळे खालून मला त्यांचे पाय शेजारी शेजारी दिसत होते.

नवा दांडा कोणी आणायचा यावर आता बैठका चालू आहेत. दांड्याचं काय, तो आज ना उद्या येईल. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा कोणाचा कर, कोणाचा वाटा, यावर खुशाल भांडा. पण भांडतानाही सामाईक वस्तूला ग्रीस लावायचं थांबवू नका. आणि पलीकडचा कोणी धापा टाकत काही सांगायला आला, तर बाळांनो, घटकाभर चाक सोडा आणि त्याचं ऐका.