ओळ पुसायची नाही, शेजारी लिहायची

मित्रांनो, तुमच्या करंगळीच्या पेराएवढा माझा देह. रंग लाल, टोपण केव्हाच हरवलेले, आणि गळ्यात नाचाच्या पोशाखातून सुटलेली एक सोनेरी फीत. पेन ड्राइव्ह म्हणतात मला. जुना झालो आहे खरा. पण आज मला राहवत नाही. पोटातले सगळे सांगून टाकल्याशिवाय माझा इवलासा दिवा विझायचा नाही!

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. माझ्यासारखेच कितीतरी लाल भाऊ एका पट्ट्यावरून ओळीने सरकत होते, एवढेच. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते मोंतेविदेओ शहराच्या रविवारच्या बाजारात. म्हाताऱ्या एल्बिओने तिथे एक जुना रेडिओ घेतला. विकणाऱ्याने रेडिओ कागदात गुंडाळला, आणि मला उचलून वर टाकले. "घे, यापा!" भाजी मापून झाल्यावर मूठभर कोथिंबीर वर पडते ना, तिलाच इकडे यापा म्हणतात. एल्बिओ खदखदून हसला. कारण त्याच्या मुर्ग्याचे नावही 'ला यापा'च होते.

मुर्गा म्हटल्यावर तुम्ही हसलात ना? कोंबडा नव्हे हो! इथे मुर्गा म्हणजे कार्निव्हलमध्ये तोंडे रंगवून, झगमगते कपडे घालून गाणाऱ्यांचे टोळके. ढोल, झांज आणि घसा फाटेपर्यंतचा कोरस. वर्षभर शहाण्यांनी जे वेडेपण केले त्याची गाण्यातून टिंगल करायची, आणि शेवटी निरोपाचे गाणे म्हणत मंचावरून खाली, लोकांत उतरायचे. त्या निरोपगीतात पुन्हा येण्याचे वचन असतेच. ते नसेल तर लोक घरी जायचे नाव घेत नाहीत.

'ला यापा'ची गाणी एल्बिओ लिहायचा. ला तेहा वस्तीतल्या ओल्गाच्या बेकरीबाहेर एक निळी खुर्ची होती. सकाळी तिच्यात बसून, माते, म्हणजे इकडचा कडू चहा, नळीने चोखत चोखत तो ओळी जुळवायचा आणि संध्याकाळी क्लबात मला घेऊन यायचा. कोरसची दिग्दर्शिका निबिया मला आधी ओठांना लावायची, मगच कॉम्प्युटरला. विनोदी कडवी लिहिणारा यामांदू बस चालवायचा. त्याच्या खिशात तर मी अर्धे शहर फिरलो. किती लाड होते माझे, मित्रांनो! माझ्या पोटात अख्खा कार्निव्हल मावायचा.

पण या लोकांची एक रीत होती. दुसऱ्याची ओळ पुसायची नाही, शेजारी लिहायची. कागदाच्या दिवसांत ते सोपे होते, समासात मांडले की झाले. माझ्यात समास कुठला? म्हणून ज्याला काही बदलावेसे वाटे, तो मूळ फाइल तशीच ठेवून नवी करी. 'निरोप शेवटचा', 'निरोप शेवटचा खरा', 'निरोप आता हात लावू नका', 'निरोप यामांदू सॉरी'. आदरापोटी माझ्या पोटात नुसती दाटी झाली.

आणि त्या वर्षी एल्बिओचे खुब्याचे हाड मोडले.

शस्त्रक्रिया झाली आणि मुलीने त्याला आपल्या घरी, दूर उत्तरेला साल्तोला नेले. मी बसच्या पार्सलातून त्याच्याकडे गेलो. त्याच्या उशाशी, संत्र्यांच्या वासात पडून होतो. एरवी लिहिताना तो गुणगुणायचा. आता मुकाट्याने लिहीत होता. त्याने निरोपगीत पुरे केले आणि मला परत धाडले. मी वाटेत होतो तेवढ्यात इकडे, माझ्यातून आधी उतरवून घेतलेल्या एका जुन्या फाइलवरून निबियाने, शेवटची ओळ स्वतः जोडून, अर्ध्या कोरसला गाणे बसवलेसुद्धा! मी पोचल्यावर उरलेल्या अर्ध्यांना यामांदूने माझ्यातली नवी फाइल छापून दिली.

आता ऐका, काय झाले. आदल्या वर्षी 'ला यापा'चा क्रमांक फार खाली गेला होता, म्हणून यंदा कार्निव्हलमध्ये शिरण्यासाठी आधी चाचणी द्यायची होती. ती तोंडावर आलेली. क्लबात सगळे उभे राहिले, वाल्तेरने ढोलावर थाप दिली, आणि गाणे सुरू झाले:

गालावरचा रंग उतरतो,
गाणे काही उतरत नाही;
निघतो आता, ला तेहाच्या दिव्यांनो...

आणि इथे डावी बाजू गरजली, "आल्यावाचून राहणार नाही!" त्याच दमात उजवी बाजू गरजली, "आम्ही फिरून येणार नाही!"

ढोल थांबला. मग असा हशा उसळला की भिंतीवरचे कप हलले.

"अरे, नक्की काय करायचंय? यायचंय की जायचंय?" वाल्तेर डोळे पुसत म्हणाला. "अर्धे या, अर्धे जा. बसचं भाडं वाचेल!"

निबिया मात्र हसत नव्हती. उजव्या बाजूच्या हातातला कागद तिने ओढून घेतला. "हे 'येणार नाही' कुणी लिहिलं?"

"म्हाताऱ्यानं," यामांदू हळूच म्हणाला. "साल्तोहून आलंय."

आता सगळ्यांना कळले. एल्बिओला मुर्गा सोडायचा होता आणि ते त्याने सांगितले होते असे, गाण्यातून.

"मग तू बदल की ती ओळ," वाल्तेर म्हणाला.

"त्याची ओळ मी पुसू? वेडा झालास?" निबिया म्हणाली. "तो इथं असता तर शेजारी लिहिलं असतं, भांडले असते, त्यानं ऐकलं असतं. आता हा बिचारा लाल किडा साल्तोला जाऊन परत येईपर्यंत चाचणी होऊन जाईल."

बिचारा लाल किडा म्हणजे मी. मला वाईट वाटले. पण ती खोटे बोलत नव्हती.

तेव्हा यामांदूने टेबलावर मूठ आपटली. "क्लाउड! सगळ्यांची एकच फाइल, वर ढगात. म्हातारा तिथून लिहील, आपण इथून."

"ढगातलं गाणं पावसात वाहून गेलं म्हणजे?" वाल्तेर म्हणाला.

"तुझा ढोल बडवला की सगळे ढग पळून जातात, तू नको काळजी करू."

यामांदूने तीन कंपन्यांच्या जागा शोधून काढल्या, आणि दुसऱ्या दुपारी क्लबात त्यांची परीक्षा मांडली. ओल्गाच्या बेकरीतली गरम बिस्कोची, म्हणजे छोटे लोणीदार पाव, मधे, फोनवर साल्तोहून एल्बिओ, आणि कॉम्प्युटरच्या कुशीत खोचलेला मी.

पहिल्या जागेचे नाव मोठे, कोठार त्याहून मोठे. यामांदू खुलून गेला. "ह्यात तर वाल्तेरचं पोटसुद्धा मावेल!" निबिया आणि एल्बिओ यांनी एकाच वेळी एक ओळ लिहून जतन केली, आणि काय? दोन फाइली झाल्या!

"हा तर ढगातला पेन ड्राइव्ह," निबिया म्हणाली. "नको."

खरे सांगतो, मला गुदगुल्या झाल्या.

दुसरी जागा कॉम्प्युटरवर राणीसारखी चालली. पण निबियाच्या तडा गेलेल्या फोनवर ती उघडेचना. गोल गोल फिरत राहिली.

"हिला बस चालवायला ठेवू नका," यामांदू म्हणाला. "चक्कर येईल."

मग तिसरी. यामांदूने लिंक धाडली. पांढरे पान उघडले. त्यावर निबियाची हिरवी रेघ लुकलुकू लागली, यामांदूची जांभळी. आणि थोड्या वेळाने, पानाच्या अगदी वरच्या कोपऱ्यात, एक केशरी रेघ उमटली. तिच्या डोक्यावर इवल्या अक्षरांत नाव होते: एल्बिओ.

केशरी रेघ दबकत दबकत पहिल्या शब्दावर आली. थांबली. मग दुसऱ्या शब्दावर. मग ओळ उतरून खाली.

"चालतोय!" वाल्तेर ओरडला. "बघा रे, म्हातारा चालतोय!"

सगळे त्या पडद्यावर असे लोटले की टेबल सरकले. फोनमधून एल्बिओचा आवाज आला, "काय बोंबलताय? मी तर पलंगावर आहे. मुलीनं कॉम्प्युटर उशीवर ठेवलाय."

"म्हाताऱ्या, तू इथं आहेस! आम्हाला दिसतोयस तू!" निबिया पडद्याला बोट लावून म्हणाली. "आणि ऐक, इथं समास आहे. शेजारी लिहिता येतं, मूळ ओळ तशीच राहते. आणि मागचं सगळं सापडतं म्हणे, पुसलेलंसुद्धा."

"पुसलेलंसुद्धा?" एल्बिओ म्हणाला. "मग घ्या हीच. आज कापलेली ओळ मला उद्या हवी असते."

जागा ठरली! निबियाने ताबडतोब त्याच्या ओळीच्या शेजारी समासात लिहिले, "हे कसं गायचं आम्ही?" केशरी रेघ ते वाचून पुढे सरकली.

पुढच्या दुपारी यामांदूने घाईघाईत अख्ख्या मुर्ग्याला लिंक पाठवली. पण त्याच्या फोनवर गट होते दोन. एक 'ला यापा', आणि दुसरा 'ला यापाचे शेजारी', म्हणजे कार्निव्हलमध्ये खुर्च्या मांडणारी सगळी वस्ती. आणि कुलूपही त्याने सताड उघडे ठेवले होते: ज्याच्याकडे लिंक, त्याने लिहावे.

मित्रांनो, मुर्ग्याचे गाणे कार्निव्हलआधी वस्तीला दिसणे म्हणजे अघटितच! आणि इथे तर पडद्यावर रंगांची जत्रा लोटली. निळी रेघ, गुलाबी, तपकिरी...

"हा खाटीक काय करतोय निरोपाच्या गाण्यात?" वाल्तेर किंचाळला.

"आणि हे कुणाचं? 'फ्रिज विकणे आहे, दार नीट लागते'?"

"यामांदू!" निबिया गरजली.

"चूक झाली, चूक झाली! थांबा, दार लावतो!" यामांदू कॉम्प्युटरकडे धावला. वस्तीला फक्त वाचता येईल असे त्याने केले खरे. पण तोवर गाण्याचा पार चिवडा झाला होता. एल्बिओच्या ओळी नाहीशा झालेल्या. फ्रिज तेवढा शाबूत.

निबियाने मागच्या आवृत्त्या उघडल्या, गोंधळाच्या आधीची निवडली आणि बटण दाबले. गाणे जसेच्या तसे परत आले! अक्षरनअक्षर! क्लबात टाळ्या पडल्या.

इतक्यात फोन खणखणला. एल्बिओ.

"ओल्गाची ओळ कुठं गेली?"

"कुठली ओळ?"

"आत्ता होती! माझ्या शेवटच्या ओळीखाली. मी वाचत असतानाच गेली. तिनं माझी ओळ पुसली नव्हती, खाली लिहिलं होतं. ती आणा परत."

निबिया पुन्हा मागे गेली. खाटकाच्या आणि फ्रिजच्या मधे कुठेतरी ती ओळ सापडली. तिने मोठ्याने वाचली: "एल्बिओ, निळ्या खुर्चीत मी कुणाला बसू देत नाही."

निबियाने ती ओळ उचलून समासात ठेवली, त्याच्या ओळीच्या शेजारी, जिथे रीतीप्रमाणे तिची जागा होती.

केशरी रेघ आली. 'आम्ही फिरून येणार नाही' या ओळीच्या टोकाशी उभी राहिली. कितीतरी वेळ नुसती लुकलुकत होती. वाल्तेरने नकळत ढोल छातीशी धरला.

आणि मग एकेक अक्षर नाहीसे होऊ लागले. ही, ना, र... एल्बिओ आपल्या हाताने आपली ओळ पुसत होता! तो थांबला नाही; वरची ओळही पुसली. मग मोकळ्या जागेत, अडखळत, एका बोटाने टाइप होत होत, उमटले:

जागा आमुची धरून ठेवा,
आल्यावाचून राहणार नाही.

"माझी ओळ चोरलीस, म्हाताऱ्या!" निबिया रडत रडत ओरडली.

"शेजारी लिहिली असतीस तर विचारलं असतं," फोनमधून उत्तर आले. आणि त्यामागोमाग, कितीतरी महिन्यांनी, गुणगुणणे ऐकू आले. माझा दिवा पेटला नसेल तर नवल!

चाचणी? झाली की पार! दोन्ही बाजूंनी एकसारखेच शब्द गायले, एवढ्यानेच वाल्तेरला भरून आले.

आणि मग आली वस्तीतल्या मंचाची पहिली संध्याकाळ. ऊन अजून छपरांवर होते. एल्बिओ साल्तोहून काठी टेकत आला आणि मी त्याच्या गळ्यात, सोनेरी फितीने लटकलेला. ओल्गाने निळी खुर्ची बेकरीतून उचलून पहिल्या रांगेत आणून ठेवली होती. निरोपगीत सुरू झाले, मुर्गा पायऱ्या उतरू लागला, आणि मित्रांनो, सगळी वस्ती उठून गाऊ लागली! लिंक वाचून वाचून गाणे साऱ्यांना पाठ झाले होते. खाटीकही गात होता. एल्बिओ खुर्चीतून उठला आणि काठी टेकत त्यांच्यात मिसळला. पडद्यावर केशरी रेघ चालायची ना, अगदी तसाच, एकेक शब्द तोलत.

आता गाणी ढगात राहतात. माझे बसचे प्रवास संपले. पण प्रत्येक गाणे पुरे झाले की निबिया मला ओठांना लावते आणि त्याची एक प्रत माझ्यात ठेवते. "ढगावर माझा भरवसा आहे," ती म्हणते, "तरी हा खिशात असू दे."

म्हणून तुम्हालाही हात जोडून सांगतो. मिळून काही लिहाल तेव्हा जागा पारखून घ्या. सगळ्यांच्या फोनवर उघडते का, मागचे परत सापडते का, ते पाहा. किल्ली कुणाला देता ते पाठवण्याआधी पुन्हा एकदा बघा. दुसऱ्याची ओळ पुसू नका, शेजारी लिहा. पुसायची असेल तर त्याची तो पुसेल. आणि एखादा जुना लाल किडा घरात असेल तर त्याला कचऱ्यात टाकू नका. त्याच्यात एक प्रत ठेवा. सगळे भरून झाल्यावर वर घातलेली, मूठभर, यापा म्हणून.